तेरावा महिना

छावणीत कॅलेंडर ठेवायला बंदी होती. जर्मन साहेबांचं म्हणणं असं, की कैद्यांनी तारखांची काळजी कशाला करायची, काळजी घ्यायला आम्ही आहोत ना! आणि घ्यायचेही. रोज पहाटे मैदानात उभं करून मुलींना तीन-तीनदा मोजायचे. फुकटच्या सुपासाठी बाहेरून कुणी घुसेल अशी त्यांना धास्ती असावी.

तरी सोळा वर्षांच्या हेन्याच्या डोक्यात ज्यूंचं पंचांग बिनचूक चालू होतं. गावाकडे तिचे वडील सिनेगॉगसाठी पंचांग मांडायचे. इथे बराकीतल्या बायका तिला सण विचारत आणि सूतगिरणीत चात्या बदलताना मनातल्या मनात साजरा करत. इतका स्वस्त सण जगात कुठे नसेल.

मार्च सरत आला तसा पौर्णिमेला येणारा वल्हांडण जवळ आला. गुलामीतून सुटल्याचा सण, आठ दिवस पाव वर्ज्य. हेन्याची मोठी बहीण झ्लाटा नुकतीच टायफसमधून उठली होती. अंगावर हाडं आणि कातडं, बाकी सगळं सरकारजमा.

"सणात मी पावाला शिवायची नाही," तिने जाहीर केलं.

"ताई, मग खाणार काय?"

"सूप आहे की."

सूप म्हणजे सलगमाने आंघोळ केलेलं पाणी.

"जीव वाचवायला नेम मोडला तर चालतो. बाबाच सांगायचे."

"बाबा काय सांगायचे ते मला नको शिकवूस."

हेन्याला रडू फुटायचं बाकी राहिलं. घरातलं एवढं एकच माणूस तिला उरलं होतं आणि तेही धर्म पाळून मरायला निघालं होतं. आठ दिवस असे गेले असते, तर नववा तिला एकटीनेच बघावा लागला असता.

मग तिने पंचांगात अधिक महिना घुसवला. तो ज्यूंकडेही असतो, पण ठरलेल्या वर्षीच येतो. दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता, इतक्यात परत यायचं त्याला काही काम नव्हतं.

"वल्हांडण महिनाभर पुढे गेला, ताई. यंदा वर्ष तेरा महिन्यांचं."

दुष्काळात तेरावा महिना आला की लोक कपाळावर हात मारतात. हेन्याने तो हात जोडून बोलावून घेतला.

झ्लाटाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पावाचा तुकडा मोडला. पहाटेच्या मोजणीला खऱ्या वल्हांडणाचा पूर्ण चंद्र मावळताना दिसला, तेव्हा हेन्या मान खाली घालून उभी राहिली.

एप्रिल संपत आला. लांबून तोफा ऐकू येऊ लागल्या. झ्लाटा आता गिरणीचा जिना न थांबता चढायची. पण उसना महिना संपला होता आणि चौदावा महिना देवालाही सुचलेला नव्हता.

"ताई, माझा हिशेब जरा..."

"पुरे गं. बाबांनी ते गणित तुझ्याआधी मला शिकवलं होतं."

हेन्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तुला माहीत होतं? मग खऱ्या सणात पाव का खाल्लास?"

"इथे उद्याचंसुद्धा कुणी बोलत नाही. आणि तू, शहाणे, मला पुढच्या महिन्याचं आमंत्रण देत होतीस! म्हटलं, हिला वाटतंय आपण तोवर असू. तर हजर राहायला नको?"

हेन्या ओक्साबोक्शी रडायला लागली.

"पण ताई, मी सांगितलेला सण उद्यापासून आहे. आता गं?"

झ्लाटाने पावाचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्या हातात कोंबला.

"खोट्या सणाला पाव चालतो. खा."