सात नंबर शेडमधला हिरवा लेथ

मी एक जुना लेथ आहे, मित्रांनो. लोखंड कातणारे यंत्र. माझा हिरवा रंग आता पोपडे धरून सुटतो आहे. तो रंग मला कोणी दिला आणि का दिला, ते सांगतो.

उत्तर चीनमधल्या शेनयांग शहरातल्या एका सरकारी कारखान्यात मी तीस वर्षे काढली. आम्ही रेल्वेच्या चाकांचे आस बनवत असू. मी कातलेला आस असा गुळगुळीत, की त्यावर माशी बसली की घसरायची. खोटे नाही सांगत, एका माशीचा तर पाय मोडला! कारखान्याच्या दवाखान्यात तिला फुकट पट्टी बांधून दिली. तेव्हा तिथे सगळेच फुकट होते. पाळणाघर आमचे, शाळा आमची, हिवाळ्यात गरम पाण्याचे न्हाणीघरही आमचेच. लोक कारखान्याच्या नावाने कुरकुर करत, पण लेकरे आईच्या नावाने करतात तशी.

माझे वस्ताद लुआन. शिफ्ट संपली की माझ्या एकवीस भोकांत तेल घातल्याशिवाय ते हात धुवत नसत. त्यांच्या हाताखाली गुईलान शिकत होती. तिची आई याच शेडमधून निवृत्त झाली आणि रिवाजाप्रमाणे जागा लेकीला मिळाली.

"वस्ताद, बाविसावं भोक कुठंय?" ती मुद्दाम विचारी.

"तुझ्या डोक्यात. तिथं तेल घालायचं राहूनच गेलंय."

पुढे ती स्वतः पक्की कारागीर झाली, तिचे लग्न झाले, मुलगी झाली, तरी हा विनोद काही संपला नाही.

मग कर्ण्यावरून नवे बोल ऐकू येऊ लागले. समाजवाद राहणार, पण त्याच्या जोडीला बाजारही राहणार. मोठे कारखाने सरकार स्वतःच्या हातात ठेवणार, लहान सोडून देणार. गुईलान कान देऊन ऐकू लागली. तिचा नवरा मागच्याच हिवाळ्यात दुसऱ्या कारखान्यातली नोकरी जाऊन घरी बसला होता. आता घरात तिची एकटीची नोकरी उरली होती.

"वस्ताद, आपण मोठे की लहान?"

"खानावळीत रोज सहाशे ताटं लागतात. लहान कसे असू?" वस्ताद म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एकाच भोकात दोनदा तेल घातले.

एके दिवशी फोरमन तंग सांगत आला, "सोमवारी पाहुणे येणार. यंत्रं बघणार."

मित्रांनो, 'पाहुणे येणार' म्हणजे तपासणी, एवढेच आमच्या माणसांना तीस वर्षांत ठाऊक होते. वरून साहेब येत, शेड चकाकलेली पाहत आणि बक्षिसाचे लाल निशाण देऊन जात. वस्तादांना वाटले, कोणाला ठेवायचे ते आता हेच ठरवणार. त्यांनी जुना रंग खरवडून काढला आणि मला नवा हिरवा रंग दिला. गुईलानने माझे एकेक चाक पुसून लख्ख केले.

"हात लावू नकोस, ओला आहे!" वस्ताद ओरडले. तोवर तिचा अंगठा हँडलखाली उमटलाच होता.

"राहू दे की, वस्ताद. साहेब काय खाली वाकून बघणार आहेत?"

सोमवारी तिघे आले. वस्तादांनी मला चालवून दाखवले. मीही जीव तोडून धावलो, जराही कुरकुरलो नाही.

"तीस वर्षांचं यंत्र? मला वाटलं परवाच आणलंय!" त्यातला एक म्हणाला. आनंदाने वस्तादांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तंगने शेडच्या दारात कागद वाचला. वाचताना तो कोणाकडे बघत नव्हता. आलेले पाहुणे सरकारी नव्हतेच. ती दक्षिणेकडच्या एका मालकाची माणसे होती, विकायला काढलेल्या मालातून निवडायला आलेली. शेडमधला एकच लेथ नेण्याजोगा निघाला. बाकीची यंत्रे वितळवणार. शेड बंद. माणसांनी घरी जायचे.

"मी याला रंगवलं नसतं तर, तंग?"

"शेड बंद होणारच होती, लुआनदादा. तुमच्यामुळं नाही."

ते खरे होते की नुसते समजावणे, हे मला आजही ठाऊक नाही.

गुईलान म्हणाली, "रंगात माझाही हात होता, वस्ताद. बघा, अजून नखांत आहे." एवढे बोलून ती रडू लागली.

मला ट्रकवर चढवले. दोर आवळले. एवढ्यात वस्ताद तेलाची बुधली घेऊन वर चढले.

"आता कोणासाठी, वस्ताद?" गुईलान खालून म्हणाली.

"शिफ्ट संपली की तेल घालायचं. माझी आज संपलीय."

एकवीसही भोके भरून ते खाली उतरले. त्यांनी हात धुतले नाहीत. न्हाणीघर त्या सकाळीच बंद झाले होते.

इथे दक्षिणेत मी दिवसरात्र चालतो. कर्कश ओरडलो तरच कोणीतरी दोन थेंब तेल टाकते. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या वाट्याला एखादे जुने यंत्र आले, तर त्याला वेळेवर तेल घाला, आणि आधी ते कोण घालत होते तेही विचारा. आणि कधी माझ्याकडे आलात, तर सगळे पुसा, फक्त हँडलखाली फडके फिरवू नका. तिथला रंग अजून सुटलेला नाही. तिथे गुईलानचा अंगठा आहे.