मालकाचं अ‍ॅप

"और ये देखिए काकू, मालिक का ऐप," बिलाचं मशीन दाखवायला आलेली मौमिता म्हणाली आणि तिने आपला फोन काउंटरवर वजनकाट्याशेजारी ठेवला.

बंगालीत काकू म्हणजे काका. बंगालमध्ये, बेहाला भागात अर्धं आयुष्य काढल्यावर दिगंबररावांना या हाकेचं काही वाटत नसे. त्यांची बायको विजया होती तोवर ती मात्र दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. आता हसायला कोणी नसल्यामुळे ते मुकाट्याने काकू झाले होते.

मौमिताने मशीनवर बोटं फिरवून एक खोटं बिल केलं. छोट्या प्रिंटरमधून कागदाची जीभ बाहेर आली आणि त्याच वेळी तिचा फोन टुणकन वाजला.

"देखा? दुकान में बिल बना, मालिक को घर बैठे पता चला. कौन सा माल, कितना, कितने बजे. मालिक दिल्ली में हो, दुबई में हो, कोई बात नहीं."

"और मालिक दुकान में ही बैठा हो तो?"

ती हसली. "तब आपको ये प्लान नहीं चाहिए, काकू. सादा वाला लीजिए. हर महीने का पैसा बचेगा."

ही मुलगी दिगंबररावांना आवडली ती इथेच. नको असलेली वस्तू गळ्यात मारायची नाही, हा विक्रेत्याचा गुण हल्ली दुर्मिळच. तरी त्यांनी तिचा फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"लड़के का फोन चलेगा? वो पुणे में है."

"जिसका नंबर देंगे, मशीन उसी को मालिक समझेगा."

दिगंबररावांनी चहाच्या डब्यांकडे पाहिलं. दुकान छोटंच होतं. डायमंड हार्बर रोडवर, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत, दोन मोठी माणसं आत आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. चहाचा लिलाव करणाऱ्या कंपनीत हिशेबनीस म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर परत रत्नागिरीला जाऊन करायचं काय म्हणून नवराबायकोने सुट्या चहाचं हे दुकान टाकलं. चव त्यांची, बोलणं विजयाचं, अशी वाटणी होती. ती गेल्यापासून दुकानात बोलणं कमी झालं होतं. गिऱ्हाईक माल मागायचं, दिगंबरराव द्यायचे.

मशीनची कल्पना मुलाची, अजेयची. तो बायकोबरोबर, नूपुरबरोबर, पुण्यात राहायचा आणि दर रविवारी फोन करायचा. जेवलात का, गुडघा कसा आहे, नूपुर मजेत आहे, आणि मग "आणि काय?" 'आणि काय' आलं की फोन संपला असं समजायचं. दिगंबररावांनाही दुसरं काही सुचायचं नाही. एका रविवारी बोलायला काहीतरी हवं म्हणून ते म्हणाले, "दुर्गापूजेच्या गर्दीत बिलं लिहून हात भरून येतो रे."

"बाबा, पीओएस घ्या ना मग," अजेय म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एकदम जान आली. तो असल्याच कसल्याशा कंपनीत होता. बिलिंग मशीन कसं निवडायचं, इंटरनेट गेलं तर चालतं का हे आधी विचारायचं, महिन्याचे पैसे किती, सुटा माल तोलून विकायचा तर काटा मशीनला जोडता येतो का, बिघडलं तर माणूस येतो की नुसता फोनच उचलतात, असं तो कितीतरी वेळ बोलत राहिला. लहानपणी 'माझा आई' म्हणणारा पोरगा आता पुण्यात राहून झकास मराठी बोलत होता आणि दिगंबरराव नुसते 'हं, हं' करत ऐकत होते. त्या आठवड्यात बुधवारी त्याचा पुन्हा फोन आला. "काय झालं बाबा, बघितलं का कुठलं?"

बुधवारी. मशीन घ्यायचं हे दिगंबररावांनी तेव्हाच ठरवलं. लवकर घ्यायचं नाही हेही ठरवलं.

मग पहिली कंपनी आली. तिचं मशीन नुसत्या पाकिटांवरचे पट्टे वाचायचं, सुट्या चहापुढे त्याचं डोकं चालेना. दिगंबररावांनी हे अजेयला सविस्तर सांगितलं. दुसऱ्या कंपनीचं मशीन इंटरनेट गेलं की डोळे मिटून बसायचं, आणि मेट्रोच्या पुलाखाली इंटरनेट जायला निमित्त लागत नव्हतं. हेही सविस्तर सांगितलं. अजेय चिडायचा, समजावायचा, पुन्हा फोन करायचा. बापलेकांचं एवढं बोलणं तो शाळेत असतानाही कधी झालं नव्हतं.

मौमिताची कंपनी तिसरी. सॉल्ट लेकला तिचं ऑफिस होतं आणि तिथून बस बदलत ती बेहालाला यायची. तिच्या मशीनमध्ये खोट काढायला जागाच नव्हती. इंटरनेट नसलं तरी बिल व्हायचं, काटा जोडला जायचा.

"मग घेऊन टाका बाबा," अजेय म्हणाला. "आणखी किती बघणार?"

"घेतो. मालकाच्या अ‍ॅपवालं घेतो."

"ते कशाला? ते नोकरांवर लक्ष ठेवायला असतं. तुमच्याकडे नोकर कुठे आहे?"

"तुझ्या फोनवर लाव."

"मी काय करू त्याचं?"

"असू दे," दिगंबरराव म्हणाले. "दुकान तुझंही आहेच की."

अजेय म्हणाला, "बरं, लावा."

मशीन बसवायला मौमिता आली तेव्हा सगळी दुपार मालाची नावं भरण्यात गेली. आसाम, दार्जिलिंग, डस्ट, सगळं रांगेत बसलं. शेवटच्या डब्यापाशी ती अडली. या मिश्रणाला नाव नव्हतं. विजयाने ते बनवलं होतं. आसामचा रंग आणि दार्जिलिंगचा वास, दूध घालून उकळणाऱ्या मराठी माणसालाही चालेल आणि बिनदुधाचा पिणाऱ्या बंगाल्यालाही. गिऱ्हाइकं त्याला 'बौदीर चा' म्हणायची, म्हणजे वहिनीचा चहा.

"नाम तो देना पड़ेगा, काकू. नहीं तो मशीन लेगा नहीं."

"बौदी लिखो," दिगंबरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक सान्यालबाबू. त्यांनी नेहमीप्रमाणे बौदी मागितली. दिगंबररावांनी काट्यावर पुडी ठेवली, बटण दाबलं, कागद बाहेर आला. कागद फाडून सान्यालबाबूंच्या हातात देतात न देतात तोच दिगंबररावांचा फोन वाजला.

"बाबा, आलं! बौदी, अडीचशे ग्रॅम. सान्यालकाका ना?"

"तुला कसं कळलं?"

"सकाळी सकाळी दुसरं कोण येतं?"

दिगंबररावांनी सान्यालबाबूंना खूण करून सांगितलं, पुण्याहून मुलाचा फोन आहे. सान्यालबाबू पिशवी घेऊन उगाच थोडा वेळ उभे राहिले. त्यांचा मुलगा बंगळुरूला होता.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. अजेय कधी फोन करायचा, कधी नुसता अंगठा पाठवायचा. दिगंबरराव दुकान लवकर उघडू लागले. दाढी रोज करू लागले. एखादं मोठं बिल झालं की त्यांना वाटायचं, आत्ता तिकडे वाजलं असेल, नूपुरला दाखवत असेल. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ओशाळल्यासारखं व्हायचं, जणू कुणीतरी दारात उभं राहून बघतंय. एकटं बसायची सवय झालेल्या माणसाला असं कुणीतरी बघत असणं किती गोड वाटतं, हे त्यांना या वयात कळलं.

मग अंगठे थांबले. फोन पुन्हा रविवारवर आला. जेवलात का, गुडघा, आणि काय.

"अ‍ॅप चालू आहे ना रे?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चालू आहे बाबा. फक्त आवाज बंद ठेवलाय, मीटिंगमध्ये सारखं वाजतं. आठवड्याचा रिपोर्ट बघतो मी."

"हो, हो. कामात कशाला वाजायला हवं?"

त्यांना ते पटलंही. पण रात्री जेवताना पटेना. आवाज बंद असला म्हणून काय झालं, माणूस फोन हातात घेतोच की दिवसातून शंभरदा. एखाद्या दिवशी दुकान उघडलंच नाही तर कळेल की नाही त्याला? एकदा डोक्यात आलं ते जाईना.

गुरुवारी त्यांनी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, आणि मशीन चालू केलं नाही. माळ्यावर ठेवलेलं जुनं बिलबुक काढलं. फोन काउंटरवर काट्याशेजारी ठेवला.

"मेशिन खाराप नाकि?" सान्यालबाबूंनी विचारलं.

"ना, ना. आजके छुटी," दिगंबरराव म्हणाले.

अकरा वाजले. अजेयच्या मीटिंगा सकाळी असतात. जेवायच्या सुट्टीत बघेल. जेवायची सुट्टी झाली. चहाच्या वेळी बघेल. आपण हे काय करतोय याची त्यांना लाज वाटत होती, आणि तरी ते मशीनकडे हात नेत नव्हते. लहान मुलं दाराआड लपतात आणि कुणी शोधायला येईना म्हटल्यावर हळूच खोकतात, तसं काहीतरी चाललं होतं. फरक एवढाच की त्यांना खोकायचंही नव्हतं.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. दिगंबररावांनी चष्मा न लावताच उचलला.

"हां बोल रे."

"काकू? मौमिता बोलछि. आपका मशीन आज लाल दिखा रहा है. सुबह से ऑन नहीं हुआ. कोई प्रॉब्लेम?"

दिगंबररावांनी बंद मशीनकडे पाहिलं.

"काकू? तबीयत ठीक है ना?"

"ठीक है," ते म्हणाले. "एकदम ठीक. ऐसे ही बंद रखा था."

"मैं डर गई. आप तो रोज सबसे पहले खोलते हैं. अकेले रहते हैं ना, इसलिए पूछा. खाना खाया?"

"खाया," दिगंबरराव म्हणाले. खाल्लं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि पाणी प्यायला मागे वळले. गिऱ्हाईक समोर नव्हतं हे बरं झालं, कारण डोळे पुसायला थोडा वेळ लागला. त्यांना वाईट वाटलं ते अजेयचं नाही, स्वतःचं. पोराची परीक्षा घेतली आणि पास झाली भलतीच पोरगी.

रविवारी अजेयचा फोन आला. जेवलात का, गुडघा. मग तो म्हणाला, "बाबा, रिपोर्ट बघत होतो. आठवडा मस्त गेला की. फक्त गुरुवारी एकदम शून्य दिसतंय. बंद होता का तिकडे?"

दिगंबररावांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. चार दिवस ते घोळत होतं. पण ते म्हणाले, "हो. बंद होता."

"अजून होतात का बंद?" अजेय हसला. "काय मजा यायची ना. रस्ता पूर्ण रिकामा, आणि आम्ही ट्राम डेपोसमोर स्टंप लावायचो. तुम्ही ऑफिसला न जाता खिडकीतून ओरडायचात, बॉल गटारात घालू नका म्हणून. आणि आई खिचडी करायची. बंदची खिचडी."

"वर पापड."

"पोह्याचे पापड. नूपुरला सांगतो मी, तर तिला वाटतं थापा मारतो. बंद म्हणजे आम्हाला सण होता." तो बराच वेळ बोलत राहिला. दिगंबररावांनी त्याला अडवलं नाही. खोट्या बंदच्या जोरावर का होईना, घरात खिचडीचा वास आला होता.

"चला बाबा," शेवटी तो म्हणाला, "आणि काय?"

"काही नाही. मजेत आहे."

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं, मशीन चालू केलं आणि मौमिताला फोन लावला.

"वो मालिक वाला प्लान निकाल दो. सादा वाला कर दो."

"क्यों काकू? लड़के को पसंद नहीं आया?"

"बहुत पसंद आया," दिगंबरराव म्हणाले. "लेकिन मालिक दुकान में ही रहता है."

पलीकडे बटणांचा आवाज आला, आणि ती म्हणाली, झालं. फोन ठेवता ठेवता तिने सांगितलं की लाल दिवा सादा प्लान असला तरी तिला दिसतो.

सान्यालबाबू आले. बौदी, अडीचशे ग्रॅम. दिगंबररावांनी काट्यावर पुडी ठेवली, बटण दाबलं, प्रिंटर घरघरला. नकळत त्यांनी फोनकडे पाहिलं. मग तो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुडीला दोरा बांधायला घेतला.

"छेले भालो आछे?" सान्यालबाबूंनी विचारलं. मुलगा बरा आहे ना?

"भालो आछे," दिगंबरराव म्हणाले, "आपनार?" तुमचा? आणि आतलं दुसरं स्टूल त्यांनी काउंटरबाहेर सरकवून दिलं.