बंद खोलीतला शेजारी

मित्रांनो, दुकान बघायला आत आल्या आल्या तुम्ही ज्याच्यावर दप्तरे टेकवलीत ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. माझा पांढरा रंग आता म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडला आहे. बटण दाबले की मी आधी कण्हतो आणि मग जागा होतो. पण दप्तरे राहू द्या. कोणी काही टेकवले की तेवढीच सोबत वाटते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात तारा बसवल्या. झाकण लावणारी मुलगी शेजारणीला आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. लग्न ठरले की मोडले, हे कळायच्या आतच माझी पेटी बंद झाली. ती हुरहूर अजून आहे.

पेटी उघडली तेव्हा समोर डोळे होते. लाकडी खणांत ओळीने मांडलेले, काळे, तपकिरी, घारे, करडे, आणि सगळे माझ्याकडे बघणारे. घाबरू नका. ते हेच, खोटे डोळे बनवण्याचे दुकान होते. आजाराने किंवा अपघाताने ज्यांचा डोळा जातो, त्यांच्यासाठी तिथे हुबेहूब दुसरा डोळा घडवत. तो डोळा बघत नसे, पण बघतो आहे असे वाटे. आधी उरलेल्या डोळ्याचा मोठा फोटो काढत. मग तो पडद्यावर ठेवून दुकानाचे मालक, थोरले काका, बारीक कुंचल्याने बुबुळ रंगवत. पांढऱ्या भागावरच्या शिरा मात्र रंगाच्या नसत. त्या लाल रेशमाच्या धाग्याचे तंतू सुटे करून चिकटवत.

दुकानात आम्ही तीन संगणक होतो. मी पुढच्या खोलीत, दुसरा फोटोच्या खोलीत आणि तिसरा आतल्या खोलीत, थोरल्या काकांच्या मेजावर. तिघांना जोडणारी तार भिंतीच्या कडेने जाई.

मोठ्या कचेऱ्यांत एक मुख्य संगणक असतो. सगळे ठेवणीतले त्याच्याकडे, आणि बाकीचे त्याच्या दारात हात पसरून उभे. आमच्यात तसा कोणी मालक नव्हता. तिघांचा मान सारखा. ज्याचे त्याच्यापाशी ठेवायचे, मागेल त्याला द्यायचे, आणि लागेल तेव्हा आपणही मागायचे. पूर्वी शेजारणी एकमेकींकडे विस्तव मागायला जात, तसे. दिल्याने देणारीची चूल विझत नसे आणि घेणारीची पेटे. मला काही हवे असले की मी तारेवरून हाळी देई, ‘अमुक कोणाकडे आहे का?’ ज्याच्याकडे असे तो ओ देई. फोटो फार मोठा असला तर त्याचे चौकोनी तुकडे करून पाठवी. एकाच फोटोचे तुकडे दोन शेजाऱ्यांकडूनही येत आणि माझ्याकडे येऊन जुळत. एखाद्याकडे अर्धाच फोटो असला तरी तो आपला अर्धा देऊ शके.

या शेजारधर्मात एक गंमत आहे आणि तीच पुढे अंगाशी आली. शेजाऱ्याकडची वस्तू माझ्या पडद्यावर अशी दिसते, की जणू ती माझ्याच पोटात आहे.

थोरल्या काकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, माझ्यासमोर बसत. गिऱ्हाइकाला डोळ्यांचे फोटो दाखवून अभिमानाने म्हणत, “एवढंसं खोकं, पण गावभरचे डोळे आहेत ह्याच्यात!” मला फुगायला होई. खरे तर ते डोळे आतल्या खोलीतल्या शेजाऱ्याचे होते. माझी नुसती खिडकी.

मग एके दिवशी थोरले काका गेले. काकूंनी आतली खोली जशी होती तशी बंद केली आणि किल्ली कमरेला लावली. काम त्यांच्या पुतणीने हाती घेतले. ती फोटोच्या खोलीतच मेज टाकून रंगवू लागली.

आतला शेजारी मात्र चालूच राहिला. त्याला बंद करायचे कोणाला सुचलेच नाही. वीज गेली तर तोही जाई, आणि वीज आली की आपला आपण उठे. दाराखालच्या फटीतून निळसर उजेड येई. आम्ही हाळी दिली की तो ओ देई. कुलूपबंद खोलीत, धुळीत, कोणी न बसलेल्या खुर्चीसमोर, तो मागेल त्याला डोळे देत राहिला.

दुपारी दुकान रिकामे झाले की काकू त्या दाराला कान लावून बसत. आतून पंख्याची मंद घरघर येई. थोडी थांबे, पुन्हा सुरू होई. एकदा पुतणीने बघितले.

“काकू, काय ऐकताय?”

“काही नाही गं. काम चाललंय त्यांचं.”

पुतणीच्या हातातला कुंचला तसाच राहिला.

काही वर्षांनी भिंतींना रंग द्यायचा निघाला, म्हणून तारा सारख्या करायला तारवाला आला. तोंडाने सतत शीळ. “ही तार कुठं जाते हो? बंद खोलीत? मग तिथं काय भुतं काम करतात?” असे म्हणत त्याने ती दाराजवळ कापून टाकली. काकू बाजारात गेल्या होत्या आणि पुतणीचे लक्ष कामात होते.

माझ्या पडद्यावरून सगळे डोळे नाहीसे झाले. मी हाळी देत राहिलो. फोटोच्या खोलीतून ओ आली, आतून नाही. काकूंनी माझ्या डोक्यावर चापट मारली. “म्हातारा झालाय मेला, विसरायला लागलाय!” म्हणाल्या. माझ्यावर कापड पडले आणि नव्या गिऱ्हाइकांचे फोटो फोटोच्या खोलीत राहू लागले.

अशात एक आई आपल्या मुलीला हाताला धरून आली. मुलीला घरी चिमणी म्हणत. चिमणी तान्ही असताना आजाराने तिचा एक डोळा गेला होता. तेव्हा थोरल्या काकांनी उरलेल्या डोळ्याचा फोटो घेतला होता. पण नवा डोळा बनण्याआधीच आजार उलटला, तिला दूरच्या इस्पितळात न्यावे लागले आणि दुसरा डोळाही गेला. आता ती बरी होती, शाळेत जाणार होती. तिला दोन्ही डोळे हवे होते.

“कसलेही नको,” चिमणी म्हणाली. “माझेच हवेत.”

“घरच्या फोटोंत नुसते काळे ठिपके दिसतात हो,” आई म्हणाली. “तिच्या बुबुळात एक डाग होता. मधाचा थेंब पडावा तसा. पण तो वर होता की खाली...” तिने चिमणीचा चेहरा आपल्याकडे वळवला. “आई आहे मी तिची. आणि मला आठवत नाही.”

पुतणीने माझ्यावरचे कापड काढले, मला जागे केले. काही नाही. शेवटी तिने माझे पोट तपासले आणि चमकली. “काकू, ह्याच्यात जागाच केवढीशी आहे! एवढे डोळे ह्याच्यात मावतीलच कसे? हे ह्याचे कधी नव्हतेच. आपण तारेतून काकांच्या संगणकातले बघत होतो.”

काकू किल्ली सोडेनात, म्हणून तारवाल्याला बोलावले. त्याने दाराजवळ तारेची टोके जोडली. मी भीत भीत हाळी दिली, ‘चिमणीचा डोळा कोणाकडे आहे का?’

बंद दाराआडून ओ आली.

तारवाल्याची शीळ थांबली. “आत... कोणी बसतं का?”

“बसत होते,” काकू म्हणाल्या.

माझ्या काळ्या पडद्यावर चौकोन उमटू लागले. आधी पापणीची कड. मग पांढऱ्यावरची एक शीर. मग बुबुळाचा तपकिरी तुकडा. एक डोळा काळोखातून थोडा थोडा आमच्याकडे बघू लागला. आई पुढे सरकली. आणि चौकोन थांबले. आतून कट्, कट् असा आवाज येऊ लागला. शेजाऱ्याची फोटो साठवायची तबकडी झिजली होती. त्याला ती जागा वाचताच येईना. डोळ्याचा खालचा भाग काळाच राहिला. वरच्या भागात मधाचा थेंब नव्हता.

“म्हणजे खाली होता,” आई पुटपुटली. “पण नेमका कुठं?”

मी पुन्हा हाळी दिली, या वेळी फक्त उरलेल्या तुकड्यांसाठी. फोटोच्या खोलीतल्या शेजाऱ्याने ओ दिली. हा फोटो फार पूर्वी त्याच्यावरून पुढे जाताना त्याची अर्धवट नक्कल त्याच्याकडे राहून गेली होती. निरुपयोगी म्हणून कोणी बघितली नव्हती, पुसलीही नव्हती. तिच्यात खालचे चौकोन होते. ते येऊन एकेक करून बसले.

बाहुलीच्या खाली, किंचित डावीकडे, मधाचा थेंब.

आईने पडद्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

“सापडला?” चिमणीने विचारले.

“सापडला गं बाई.”

पुतणीने आतले डोळे वाचतील तेवढे फोटोच्या खोलीत उतरवून घेतले, आणि मावतील तेवढे माझ्याकडेही. मग काकूंनी कमरेची किल्ली काढली. खोली उघडली, खुर्ची पुसली, बटणावर हात ठेवला. “दमलात. आता पुरे,” म्हणाल्या आणि त्याला बंद केले. घरघर थांबली. त्या दिवसापासून दुपारी काकू माझ्यासमोर बसतात.

डोळे तयार झाल्यावर चिमणी ते लावून आली. चाचपडत माझ्यापर्यंत पोचली आणि तोंड अगदी जवळ आणून थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मला ठाऊक होते. तरी माझा पंखा क्षणभर अडखळला.

“माझा डोळा तुझ्याकडे आहे ना?” ती म्हणाली. “एकट्याकडे ठेवू नकोस हं. सगळ्यांना देऊन ठेव.”

मित्रांनो, माझेही तुमच्याकडे तेवढेच मागणे आहे. जिवापाड जपायचे असेल ते एकाच कुलपात ठेवू नका. आपल्या पडद्यावर दिसते ते आपल्याचकडे आहे असे धरून चालू नका, एकदा पोट तपासा. आणि तार कापण्याआधी पलीकडे कोणी ओ देते का, ते विचारा.

चिमणीचा डोळा आता माझ्याकडे आहे, फोटोच्या खोलीत आहे, तिच्या आईच्या संगणकातही आहे. माझे फार दिवस राहिलेले नाहीत. माझ्या तबकडीतूनही हल्ली मधूनच कट् असा आवाज येतो. पण मी विझलो तरी तो डोळा मिटणार नाही.