अर्ध्या किमतीची डबी

थोरल्या बाईंना स्वस्त वस्तूचा वास लांबूनच यायचा. उभा जन्म कापडात गेलेला. कोणता व्यापारी कोणता तागा का स्वस्त सोडतोय, हे त्यांना तागा उलगडायच्या आधीच कळायचं. एक तर तो रंग सोडणार, नाही तर आटणार, नाही तर फळीवर पडून पडून घडीवर विरलेला असणार. "देणाऱ्याला जड झाल्याशिवाय घेणाऱ्याला स्वस्त होत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा म्हणायच्या.

म्हणून सुनेच्या भावाने कापायच्या टेबलावर एक चपटं खोकं ठेवून "मावशी, अर्ध्या किमतीत!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा बाईंनी आधी चष्मा शोधला आणि मग खोट.

या भावाला सगळे गॅरंटी म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान होतं त्याचं, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी येऊन थांबायचं एकाच शब्दावर. आज ऊन पडणार, गॅरंटी. चहा छान झालाय, गॅरंटी. जो माणूस चहाचीसुद्धा गॅरंटी देतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा, हा बाईंचा त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यांपासूनचा प्रश्न.

गरज होती, हे मात्र खरं. मागच्या खोलीत भरतकामाचं यंत्र होतं आणि ते कॉम्प्युटरमधल्या नक्ष्यांवर चालायचं. त्या वेली, ती पानं, चोचीत काडी धरलेले ते पक्षी, सगळं बाईंच्या हातचं. त्या कागदावर काढायच्या आणि सून टाक्याला टाका जुळवून कॉम्प्युटरमध्ये चढवायची. कागद वाळवीने खाल्ले. पुढे बाईंच्या हाताला कंप सुटला आणि नवी वेल सरळ उतरेना. आता होतं ते सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात, आणि पोटातली जुनी डिस्क गंजलेल्या बिजागरीसारखी करकरायला लागली होती. नक्कल म्हणून एक पेनड्राइव्ह होता, तो बाईंनीच चिंध्यांच्या पोत्यातून भंगारात घालवला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. दुसरी नक्कल करायला घेतली की कॉम्प्युटर मध्येच थिजायचा. डिस्क गेली की बाईंचा हात दुसऱ्यांदा जाणार होता.

"अर्धी किंमत का?" बाईंनी विचारलं.

"जुनं मॉडेल आहे, मावशी. आता नवीन आलंय, बोटाएवढी पट्टी असते. लोकांना तीच हवी. ही डबीवाली एसएसडी डिस्क कोण विचारतो?"

"मग पट्टी का नाही आणलीस?"

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तिला खाचच नाही."

"म्हणजे आमचा कॉम्प्युटर म्हातारा."

"अनुभवी, मावशी. गॅरंटी."

सून हसू दाबत खाली बघायला लागली. बाईंचा लेक माल पोचवायला बाहेरगावी गेला होता. तो असता तर त्याने आईकडे बघितलं असतं, म्हणजे निर्णय फिरून इथेच आला असता.

बाईंनी खोकं तळहातावर तोललं. "आत काही आहे, का नुसतं झाकण? कापसासारखं हलकं लागतंय."

"आत फिरणारं काही नसतं ना. म्हणून हलकी, म्हणून जलद, आणि कधी करकरणार नाही."

"करकरणारं बरं असतं रे. बिघडलं की सांगतं तरी. ही मरताना सांगते का?"

गॅरंटीने मान खाजवली. "तसं... नाही सांगत. एकदम जाते."

"बघ! मुकी माणसं आणि मुक्या वस्तू, दोन्हींना मी भिते." बाईंनी खोकं उलटं केलं. "आणि जुनी म्हणजे कशी? पडून राहिलेली का वापरलेली?"

"पडून राहिलेली. कंपनीचं सील आहे की वर!"

बाईंचा अंगठा खोक्यावरच्या प्लास्टिकच्या कडेवरून निघाला. चिकटवलेल्या जोडावरून तो सावकाश सरकला, एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा थांबला. हाताला कंप होता, पण अंगठ्याला अजून अक्कल होती.

"ही शिवण कारखान्याची नाही," त्या म्हणाल्या.

"शिवण कुठे आहे त्यात, मावशी?"

"जोड म्हणजे शिवणच. कारखान्याची शिवण रुळासारखी जाते. ही बघ, इथे दचकलीय, इथे वाट चुकलीय, इथे पुन्हा धरलीय. हाताने मारलीय ही, आणि तीही घाईत."

गॅरंटीने प्यायला पाणी मागितलं. कुणी आणलं नाही.

"सूनबाई, फोड आणि लाव. काय म्हणते ते कळू दे."

सुनेने डबी वायरने जोडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. बाईंना दुकानावरच्या पाट्या अडखळत वाचता यायच्या, ही मुंग्यांची रांग वाचणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून त्यांनी खुर्ची अशी ओढून घेतली की पडदा नाही, सुनेचं तोंड दिसावं. ते त्यांना वाचता यायचं.

सुनेचा माऊसवरचा हात थांबला. डोळे एका ओळीवर खिळले. मग तिने भावाकडे पाहिलं. भावाने अगदी जराशी, माशी उडवावी तशी मान हलवली.

बाईंनी तेही पाहिलं. आता ही खोटं बोलणार, त्यांना वाटलं. पाठच्या भावासाठी कोण बोलत नाही? 'नवीन आहे' एवढं म्हणाली की संपलं, आपण काय ती मुंग्यांची रांग तपासणार?

"आई, वापरलेली आहे," सून म्हणाली. "पुष्कळ तास चाललीय. तब्येत चांगली दाखवतेय, पण नवी नाही."

"ताई!" गॅरंटी म्हणाला.

"ताई काय? सील मारून आणलीस माझ्या घरी? मी रोज यांच्यासमोर बसते रे."

बाई उठल्या. "बोल, कोणाच्या मढ्यावरची उचललीस?"

"माझ्याच." तो इतक्या हळू बोलला की बाईंना आधी ऐकूच आलं नाही. "माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमधली आहे. काल काढली. ताई फोनवर रडत होती, तुमच्या नक्ष्या जाणार म्हणून. नवी घ्यायची माझी ऐपत नाही. ही फुकट आणली असती तर तुम्ही घेतली असती? लग्नात भर मांडवात बोलला होतात, सुनेच्या माहेरची सुईसुद्धा या घरात फुकट येणार नाही."

"मी रडले नव्हते," सून म्हणाली.

"रडलीस. गॅरंटी."

बाईंना ते वाक्य आठवत होतं. अभिमानाने बोलल्या होत्या, आणि त्याचा त्यांना अजूनही अभिमान होता. पण गोष्ट फार गोड वाटली की त्यांना साखरेत मुंगी दिसायची. "कशावरून तुझीच? चोराच्या मनात चांदणं असतं, पण तोंडात गोष्टी तयार असतात."

सुनेने माऊसवर दोनदा टिचकी मारली. "पुसायलाही विसरलाय मूर्ख. हे बघा."

यावेळी वाचायचं काही नव्हतं. फोटो होते. गॅरंटीच्या दुकानाची पाटी, तिच्याखाली दात काढून उभा गॅरंटी. मग मांडव, नवरीच्या वेशातली सून आणि तिच्या मागे, कुणावर तरी बोट रोखून ओरडणाऱ्या, खुद्द थोरल्या बाई.

बाई फोटोतल्या त्या बाईकडे बघत राहिल्या.

"कोरं कापड मी पाण्यातून काढल्याशिवाय कात्रीखाली घेत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "हे धुतलेलं आहे. आटायचं तेवढं आटलंय, आणि विरलेलं दिसत नाही. घेते. पण वापरलेल्या मालाला अर्धी किंमत जास्त होते. नीट सांग, आणि खरं सांग. फुकट म्हणालास तर दार तिकडे आहे."

गॅरंटीने सांगितली. बाईंनी कमी केली. त्याने मान्य केली, आणि लगेच मान्य केली म्हणून बाईंनी त्याच्याकडे पुन्हा संशयाने पाहिलं.

"आणि तुझ्या दुकानात काय बसवलंस?"

"एक जुनी होती. करकरते थोडी."

"चांगलंय. निदान सांगेल तरी." मग त्या सुनेकडे वळल्या. तिचं तोंड अजून पांढरं होतं. "सूनबाई, त्याला पाणी दे. आधी तू पी."

नक्ष्या दमादमाने उतरवाव्या लागल्या. चार उतरल्या की गॅरंटी जुन्या डिस्कला विसावा द्यायचा. संध्याकाळपर्यंत ती करकरत, कण्हत राहिली. शेवटी चोचीत काडी धरलेला पक्षी नव्या घरी उतरला आणि पडद्यावर पंख पसरून उभा राहिला, तेव्हा सुनेने डोळे पुसले. ती रडत नव्हती, असं तिचं म्हणणं.

"जुनी फेकायची नाही," बाई म्हणाल्या. "आणि याची आणखी एक नक्कल करून माझ्या कपाटात ठेवा. चिंध्यांपासून लांब."

मग त्या वाकल्या आणि डबीला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं.

"गप्प आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "लक्ष ठेव हिच्यावर."