अक्षता न सांडलेला घागरा

सकाळचं ऊन केजच्या बाजारगल्लीत तिरपं उतरलं, की शकूमावशीच्या दुकानातून एक आवाज यायचा. जड जरीचं कापड दोन्ही हातांनी उंच धरून एकदाच, मनगटातून झटकल्याचा. त्यासरशी घड्यांत दडून राहिलेल्या अक्षता ओट्यावर सांडत, कुणाच्या लग्नातल्या गुलाबी, कुणाच्या पिवळ्या, आणि समोरच्या पत्र्यावरच्या चिमण्या हाक मारल्यासारख्या खाली येत. मावशी त्या दाण्यांकडं बघून म्हणायची, "सुखाचं हाय. ठिव आत."

एकदा अंगाला लागलेले लग्नाचे घागरे आणि शालू विकत घेऊन पुन्हा विकणं हा तिचा धंदा, आणि ते नव्या अंगाच्या मापाला आणणं हे माझं काम. दाराशी माझं शिलाई मशीन, आत तिची गादी. विधवेच्या हातून लग्नाचं कापड घ्यायचं म्हणून काही आया नाक मुरडत. घडी मी करून द्यावी, असं खुणेनं सुचवत. मावशीला ते दिसायचं. कपाळावरची विभूतीची पुसट रेघ जरा आक्रसायची, एवढंच. जुनं कापड तर हवं आणि शकुनही नवा करकरीत हवा, असल्या लोकांचा मला राग यायचा. मावशीचा स्वतःचा नियम मात्र त्यांच्याहून कडक होता. जिनं घातलं, तिनंच आणून द्यायचं. नवरा, सासू, नणंद, कुणाच्याही हातून ती कापड घेत नसे. दारात उभ्या राहिलेल्या पोरीचा चेहरा ती निरखायची आणि विचारायची, "बरी नांदतीस न्हवं?" उत्तरापेक्षा उत्तराआधीचा श्वास ती ऐकत असावी.

रेखा तिच्याकडं आली ती वैशाखात, आईबरोबर. दुकानभर रंगांचा कल्लोळ असताना ती एका मोरपंखी घागऱ्यापाशी जाऊन थांबली आणि हात न लावता नुसती बघत राहिली. घातल्यावर तिनं गिरकी घेतली, आरसा सोडून माझ्याकडं बघून हसली, तेव्हा समोरच्या दाताचा उडालेला कोपरा दिसला. मग तिनं चटकन ओठ मिटले. कंबर इतकी बारीक, की मी शिवण आत घेत गेले, घेत गेले, आणि जादाचं कापड न कापता शिवणीतच भरपूर माया दाबून ठेवली, कारण अंग अजून वाढीचं होतं. वाढीची पोर लग्नाची कशी झाली, हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला विचारत नाही. तिला गेवराईकडं दिली होती. जाताना मावशी तिला म्हणाली, "नकोसा झाला की तूच घेऊन ये. दुसऱ्याच्या हाती धाडू नको." रेखा लाजून म्हणाली, "मी न्हाई इकायची. लई आवडलाय मला."

भाद्रपद आला. पितृपंधरवड्यात आमची गल्ली ओस असते. लग्नाच्या कापडाला त्या दिवसांत कुणी हात लावत नाही, पत्र्यावर चिमण्यांच्या जागी कावळे बसतात आणि त्यांच्या ओरडण्यानं दुपार उगीच लांबत जाते. अशा एका दुपारी एक बाई पिशवी घेऊन आली. पिशवीतून मोरपंखी रंग बाहेर आला आणि माझा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.

"सुनंचा हाय," ती म्हणाली. "तिला आता नको."

"पोर कुठाय?" मावशीनं विचारलं.

"म्हायेरी गेलीया."

मावशीनं घागरा उचलला, दोन्ही हातांनी उंच धरला आणि झटकला. ओट्यावर काहीच पडलं नाही. लग्नाचा घागरा कुणी असा धुऊन आणत नाही. कमरेचा घाम, कडेचा हळदीचा डाग, चुण्यांतल्या अक्षता, सगळं तसंच घेऊन लोक येतात. हा मात्र धुतलेला, इस्त्री केलेला, साबणाच्या वासाचा होता. एका रंगीत कापडाची मला भीती वाटली, ती आयुष्यात पहिल्यांदाच.

मावशी त्या बाईला हाकलून देईल, असं मला वाटलं होतं. पण ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ठिवून जा. पोर येऊन तोंड दावंल, तवा बघू किमतीचं." बाई गेल्यावर तिनं घागरा आत न ठेवता दुकानाच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. पितरांच्या दिवसांत लग्नाचं कापड दारावर! गल्लीत कुजबुज झाली. म्हातारपणी मावशीला हाव सुटली, असं मलाही वाटलं. ती मात्र दाराकडं तोंड करून बसली आणि आठवड्याच्या बाजाराची वाट पाहू लागली.

बाजाराच्या दिवशी रेखाची आई आली. भाजीची पिशवी खांद्याला, चाल नेहमीची, आणि घागऱ्यासमोर येताच ती थबकली. तिनं कड उलटून पाहिली, माझी शिवण पाहिली.

"ह्यो माज्या रेखाचा हाय."

"तिच्या सासूनं आणून टाकलाय," मावशी म्हणाली. "पोर तुज्याकडं हाय म्हनली."

"माज्याकडं?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. "मी जवा फोन करती तवा जावई म्हंतो, ती रानात गेलीया."

मावशीनं भरल्या बाजारात दुकानाचं शटर ओढलं आणि त्या दोघी जीपनं आधी गेवराईकडं आणि तिथून पोलीस ठाण्यात गेल्या. सासरच्या घरी रेखा नव्हती. "गेली असंल कुणासंगं," असं तिची सासू म्हणाली. ठाण्यात तक्रार लिहून घेतली गेली. शोध चालू आहे, असं तेव्हापासून सांगतात.

दसरा झाला, दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर बिऱ्हाडं लादून निघून गेल्या. दरवर्षी टोळीबरोबर जाणारी रेखाची आई या वर्षी गेली नाही. दर बाजारी ती येते, माझ्या मशीनजवळ टेकते, घागऱ्याची कड मांडीवर घेते आणि उन्हं कलली की उठते. तुळशीचं लग्न लागलं तशी गल्ली पुन्हा गजबजली. परवा एका पोरीनं थेट त्या मोरपंखी रंगाला हात घातला. मावशी उठून मध्ये उभी राहिली. "त्यो इकायचा न्हाई, बाई. जिचा हाय ती यायची हाय."

मावशी अजून रोज सकाळी तो झटकते. काही पडत नाही, तरी चिमण्या सवयीनं उतरतात, ओट्यावर चोच मारून बघतात आणि उडून जातात. मी मान खाली घालून मशीन चालवते; येणाऱ्या पोरींच्या कमरा मोजते, कुणाचं आत घेते, कुणाचं सैल करते. मागच्या साली नवरी झालेल्या पोरी घागरे परत करायला येतात तेव्हा अंगानं भरलेल्या असतात, ओळखू येत नाहीत. काळ सगळ्यांची मापं बदलत पुढं जातो. रेखाचं माप तेवढं माझ्या बोटांत वैशाखातलंच राहिलं आहे, आणि तिच्या वाढीसाठी शिवणीत दाबून ठेवलेलं कापड अजून कुणी उसवलेलं नाही.