लांडग्याच्या नावावर

राहुरीच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतो तिथं, मालनबाई आणि पुंजाराम यांचं घर होतं. गावापासून जरा तुटलेलं. मागं ओढा आणि ओढ्यापलीकडं गवताचा माळ. जमीन हलकी, बाजरीपुरती. घराला खरा आधार मालनबाईच्या शेळ्यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत एका हिवाळ्यात लांडग्यानं तिची दोन करडं उचलली, तीही दिवसाढवळ्या, ती ओढ्यावर धुणं धूत असताना. तेव्हापासून एक चांगलं कुत्रं पाळायचं तिनं मनात घेतलं होतं.

सुगी झाल्यावर कानिफनाथ धनगराच्या मेंढ्या खतासाठी त्यांच्या रानात बसायला आल्या. त्याची कुत्री नुकतीच व्यायली होती. पाच पिल्लांत एक काळंभोर, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका असलेलं. मालनबाई भाकरी द्यायला गेली की ते तिच्या लुगड्याच्या काठाशी झोंबायचं. मेंढरं हलायची वेळ आली तेव्हा तिनं ते मागितलं.

कानिफनाथ लगेच हो म्हणाला नाही. पिल्लू हातात धरून बसला.

"नेतीस तर ने, बाई. पर शेळी इकता येती, कोंबडी कापता येती, कुत्र्याचं तसं न्हाई. त्ये एकदा तुझं झालं की तूबी त्याची झालीस. घरात लगीन असू दे न्हाई तर मयत असू दे, त्याचं भाकरी-पानी चुकायचं न्हाई. जमंल का?"

"जमंल," मालनबाई म्हणाली.

पिल्लाचं नाव कवड्या पडलं. तिनं त्याच्यासाठी कुंभाराकडून वेगळा परळ आणला. सकाळी ताकात कुस्करलेली भाकरी, दुपारी सावलीत पाणी, संध्याकाळी अंगावरच्या गोचिड्या काढायच्या. शेळ्यांच्या वाडग्यातच, त्या कुंपणात, त्याला झोपवायचं, म्हणजे शेळ्यांचा वास त्याच्या अंगात मुरतो, असं कानिफनाथानं सांगितलं होतं. एका करडानं त्याला ढुशी मारून परळात पाडलं तेव्हा पुंजाराम पोट धरून हसला होता. पुंजारामलाही पिल्लाचा लळा होता. तो बांधावर बसला की कवड्या त्याच्या पायताणाचा अंगठा चावत बसे आणि तो चावू देई.

उन्हाळ्यात शेवगावकडून निरोप आला की मालनबाईची आई अंथरुणाला खिळली आहे. तिला जाणं भाग होतं. निघताना तिनं पुंजारामला सगळं दोनदा सांगितलं. परळ रोज घासायचा, पिल्लाला वाटेवर सोडायचं नाही, शेळ्या चारायला नेल्या तरी त्याला अजून माळावर न्यायचं नाही.

"आगं, मी काय पावना हाय का ह्या घरात?" पुंजाराम म्हणाला. "जा तू बिनघोर."

आई वाचली. मालनबाई परतली तेव्हा वाडग्यात शेळ्या होत्या, परळ होता, खुंटीला तुटकं दावं लोंबत होतं. कवड्या नव्हता.

पुंजाराम मान खाली घालून ओट्यावर बसला होता. "लांडग्यानं नेला," तो म्हणाला. "मी बांधावर हुतो. केकाटल्याचा आवाज आला, पळत आलो तर दावं तुटल्यालं. वढ्यापतूर फरफटल्याच्या खुना हुत्या."

मालनबाईनं डोक्यावरचं गाठोडं तसंच खाली टाकलं आणि ती ओढ्याकडे पळाली. पुंजाराम मागोमाग आला. दोघांनी ओढा पालथा घातला, करवंदीच्या जाळ्या धुंडाळल्या, दोघं माळावर पार टेकडीपर्यंत गेली. ती हाक मारायची, "कवड्याऽ!" आणि ती थांबली की पुंजाराम मारायचा, तिच्यापेक्षा मोठ्यानं. एका जाळीत हात घालताना त्याला काटा लागला, मनगटातून रक्त आलं, तरी तो थांबला नाही. शेवटी तीच म्हणाली, "चला आता. न्हाई गावायचा."

घरी आल्यावर ती रडली. "मी गेले नसते तर झालं नसतं हो. आईजवळ भाऊ हुता, भावजय हुती. मला काय पडली हुती एवढी?"

पुंजारामनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "नशिबात हुतं म्हनायचं," तो म्हणाला.

त्या दिवशी नवऱ्याबद्दल तिला फार माया वाटली. जनावरासाठी इतकं फिरणारा माणूस गावात दुसरा कोण होता? तिनं त्याच्या मनगटावर हळद लावली. पुढं सारा पावसाळा ती स्वतःला कोसत राहिली. शेजारची आक्काबाई म्हणायची, "कुत्र्यासाठी किती झुरशील?" पण मालनबाईला कुत्र्याहूनही आपला शब्द मोडल्याचं लागत होतं. कानिफनाथ पुन्हा मेंढरं घेऊन आला तर त्याला काय तोंड दाखवायचं, हे ती पुंजारामजवळ कितीदा तरी बोलली. तो ऐकून घ्यायचा.

दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायला आलं. नगरचा एक ठेकेदार लष्कराच्या खेचरांसाठी ते घ्यायचा. चांदभाई गाडीवान ते भरून केडगावच्या वखारीत पोचवायचा. चांदभाई पुंजारामचा जुना मित्र, मालनबाईला वहिनी मानणारा. पाणी प्यायला तो ओट्याशी आला आणि वाडग्याकडे बघून म्हणाला,

"वैनी, दुसरं पिल्लू न्हाई आनलं? तुमचं पयलं तर आता लई उंच झालंय. त्या कपाळावरच्या ठिपक्यामुळंच वळखलं मी."

मालनबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कुठलं पिल्लू?"

"तेच की, तुमी ठेकेदाराला दिल्यालं. केडगावच्या वखारीत बांधल्यालं असतं. पुंजारामनंच न्हाई का मोटारीत ठिवलं? मी तवा गंजीतल्या उरल्यासुरल्या पेंढ्या न्यायला हितंच आलो हुतो. ठेकेदारानं पुंजारामला मोटारीतनं पार पुलापतूर फिरवून आनला." चांदभाई हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. "वैनी? तुमाला ठाव न्हवतं का?"

तिनं त्याला आणखी पाणी वाढलं आणि तांब्या जागेवर ठेवून खळ्याकडे गेली.

पुंजाराम बाजरी वारवत होता. ती खळ्याच्या कडेला उभी राहिली. तिला वाटत होतं, चांदभाईची काहीतरी गफलत झाली असेल. काळी कुत्री ढीगभर असतात.

"आवं," ती म्हणाली, "कवड्याला लांडग्यानं नेला तवा तुमी कुठं हुता?"

"बांधावर," सूप न थांबवता तो म्हणाला. "सांगितलं हुतं की तुला."

"मंग?"

"मंग काय? केकाटल्याचा आवाज आला. पळत गेलो तर दावं तुटल्यालं. वढ्यापतूर खुना हुत्या." त्यानं वाऱ्याचा अंदाज घेत सूप जरा उंच धरलं. "शेपूट दिसलं मला लांडग्याचं. करवंदीत शिरताना."

शेपटाचं तो आज पहिल्यांदा सांगत होता. इतक्या महिन्यांनी त्यानं त्यात भर घातली होती.

"चांदभाईनं केडगावला बघितला त्याला," मालनबाई म्हणाली.

सूप खाली आलं. पुंजारामनं इकडेतिकडे पाहिलं, उपरण्यानं तोंड पुसलं.

"आगं, एवढा मोठा मानूस आपल्या दारात आला," तो अखेर म्हणाला. "पिल्लू उचलून घेतलं, म्हनला ब्येस हाय, देतो का? न्हाई कसं म्हनायचं? खांद्यावर हात ठिवला त्यानं माझ्या. चार मानसं बघत हुती."

"कुत्रं माझं हुतं."

"तू असतीस तर इचारलं असतं."

"आल्यावर सांगायचं हुतं."

"तू रडली असतीस."

"रडलेच की," मालनबाई म्हणाली. "तुमी बघत हुता. माझ्यासंगं हाका मारत हुता. कुनाला हाका मारत हुता तुमी?"

पुंजाराम चिडला. चिडणंच त्याला सोपं होतं. "एका कुत्र्यापायी नवऱ्याला जाब इचारतीस? काय मारून टाकलं का मी त्याला? चांगल्या ठिकानी दिलं. मोठ्या मानसाच्या दारात दोन टायमाला खात आसंल."

"मी म्हनत हुते माझ्यामुळं गेलं. सारा पावसाळा म्हनत हुते. एक दिवस तरी म्हनायचं, न्हाई गं, तुझ्यामुळं न्हाई."

त्यानं सूप पुन्हा उचललं. वारा पडला होता. दाणे आणि भूस एकत्रच खाली पडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चांदभाईची गाडी भरून निघाली तेव्हा मालनबाई तिच्यावर जाऊन बसली. शेळ्या तिनं आक्काबाईकडे सोपवल्या होत्या. पुंजाराम गाडीमागं थोडा चालत आला. "मी येतो संगं," म्हणाला. ती म्हणाली, "नगं."

रात्रभर चालत, विळदचा घाट चढून, नगर ओलांडून गाडी सकाळी केडगावला पोचली. पुण्याच्या रस्त्याला लागून मोठं कुंपण होतं, आत घरांएवढ्या गवताच्या गंज्या. कडेच्या खांबाला साखळी होती आणि साखळीला कुत्रं. माणूस दिसताच ते इतक्या जोरात उसळलं की साखळीनं त्याला मागं ओढून पाडलं. पुन्हा उठलं, पुन्हा उसळलं. कपाळावरचा ठिपका तेवढा ओळखीचा होता. बाकी बरगड्या, खपल्या आणि दात.

"कवड्या," ती म्हणाली. "आरं, कवड्या."

ते भुंकतच राहिलं.

वखारीचा राखणदार आसाराम म्हातारा होता. "लांबच ऱ्हा, माय. चावतं त्ये," तो म्हणाला. "मालक हौसेनं घेऊन आला. चार दिवस मांडीवर, मंग नगरातल्या वाड्यात घान करतं म्हनून हितं बांधलं. पुन्यांदा बघितलं न्हाई. माझ्या भाकरीतली भाकर टाकतो मी, पर मला काय रोज पुरती का? मालक म्हनतो, वखारीचं कुत्रं हाय. वखार काय त्याला पानी पाजनार हाय?"

"मी न्हेऊ का?"

"न्हे की. परवाच मालक म्हनला, हमालाला चावलं, आता माळावर सोडून दे न्हाई तर गोळी घाल." आसारामनं तिच्याकडं नीट पाहिलं. "तुझं हाय व्हय?"

"माझंच हाय," मालनबाई म्हणाली.

पण ते तिला ओळखत नव्हतं. ती साखळीच्या टप्प्याबाहेर बसली. आसारामकडून एक मातीचा मोगा मागून पाण्यानं भरला आणि काठीनं पुढं सरकवला. कुत्रं पाण्याकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत गुरगुरत राहिलं. मग प्यायलं. मोगा रिकामा झाला, तिनं पुन्हा भरला. भाकरीचे तुकडे टाकले. चांदभाईनं सगळी गाडी रिकामी केली, बैलांना वैरण टाकली, झोप काढली, तरी ती तिथंच बसून होती. तिनं हाक मारायचं सोडून दिलं होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा कुत्र्यानं तिच्या पायाचा वास घेतला. तिनं हात पुढं केला तेव्हा ते अंग चोरून जमिनीला चिकटलं. गळ्यातला पट्टा लहानपणीचाच होता. तो मांसात रुतला होता. आसारामच्या विळ्यानं तो कापताना ते तिला चावलं, पण तिनं हात काढून घेतला नाही.

परत येताना ते रिकाम्या गाडीत कोपऱ्यात बसून होतं. चांदभाई कासरा सैल सोडून मागं वळला. मग म्हणाला, "वैनी, मी बोललो नसतो तर बरं झालं असतं का?"

"न्हाई, चांदभाई," ती म्हणाली. "तुमी एकलेच खरं बोलला."

घरी पोचल्यावर पुंजाराम लगबगीनं पुढं आला. "मिळाला की! बघ, मी म्हनलं न्हवतं, जित्ता हाय म्हनून!" कुत्रं दात विचकून मागं सरलं. त्यानं हात आखडता घेतला.

त्या दिवसापासून मालनबाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. करंजीचं तेल आणि हळद गळ्याच्या जखमेला लावायची, बोटाएवढी जखम भरायला किती तरी दिवस गेले. ताकातली भाकरी लांबून सरकवायची आणि पाठ करून बसायचं. शेळ्यांना आधी त्याची भीती वाटायची, त्याला शेळ्यांची. पुंजारामलाही तिनं काम लावून दिलं. रोज सकाळी ओढ्यावरचं ताजं पाणी त्यानं आणायचं. तो आणायचा. एकदाही चुकला नाही, हे खरंच. हळूहळू कुत्रं वाडग्यात झोपायला लागलं, माळावर शेळ्यांमागं जायला लागलं. मालनबाईच्या हातून खायचं, पण पाठीमागून कुणी आलं की अजूनही खाली दबायचं. कवड्या म्हटलं की कान हलवायचं, इतकंच.

पुंजारामला वाटलं, झालं गेलं मिटलं. मालनबाई त्याला गरम भाकरी वाढायची, त्याचं धोतर धुवायची, दुखलं-खुपलं विचारायची. भांडण कधी झालं नाही.

उन्हाळा तोंडावर आला होता. एके सकाळी तो रानातून आला आणि डोईचं मुंडासं सोडत म्हणाला, "काळी शेळी व्याली. दोन करडं हायेत. वढ्याच्या अंगाला बसलीय, मी आडोसा करून आलोय."

मालनबाईनं चुलीवरचा तवा उतरवला, हात पुसले आणि ती दाराबाहेर पडली.

"कुठं चाललीस? सांगितलं न्हवं मी, ठीक हाय समदं."

"व्हय, सांगितलं तुमी," ती म्हणाली. "बघून येते."