सगळ्यात खालची चकती

बाई दिसली की खाण कोसळते, असं आमच्या थेबेक या कोळशाच्या गावात मानायचे. पाळीवर निघालेल्या माणसाला बाई आडवी गेली तर तो घरी परत फिरायचा आणि बुडालेला रोज तिला शिव्या घालून वसूल करायचा. म्हणून कंपनीच्या प्रयोगशाळेत धूळ मोजायचं यंत्र बनवलं मी, आणि ते गळ्यात अडकवून खाली गेले माझे भावोजी, ब्योंगशिक. मला बोगद्याच्या तोंडाशीसुद्धा उभं राहू देत नव्हते. संताप यायचा, पण सांगते कुणाला!

कंपनी तोवर सगळी धूळ एकत्र तोलायची. पाणी मारलं की जाड धूळ खाली बसायची, वजन उतरायचं, साहेब खूश. बारीक धुळीला वजन ते काय असणार? पण छातीच्या तळाशी तीच जाते. म्हणून मी अंगठ्याएवढ्या नळीत एकाखाली एक चकत्या बसवल्या. कमरेचा पंप हवा ओढणार, जाड कण वरच्या चकतीवर आपटून चिकटणार, बारीक खालच्यांवर, आणि सगळ्यात खालच्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारे.

"चिकटणार कसे?" भावोजींनी विचारलं. ते डुकराचं चरबीदार मांस भाजत बसले होते. चरबी खाल्ली की छातीतली धूळ घसरून जाते, असा इथल्या प्रत्येक खाणवाल्याचा विश्वास.

"चकतीला ग्रीस लावते."

"बघ मल्सुन!" ते ताईला म्हणाले. "तुझी शहाणी बहीणसुद्धा यंत्राला चरबीच चारते. आणि आम्ही खाल्ली की अडाणी!"

ताई खो खो हसली. "खा, खा. खोकताना तेवढं तोंड तिकडे करा."

पाळी संपल्यावर मी चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. सगळ्यात खालची जवळजवळ कोरी. वाटलं, आपलं गणितच चुकलं. मग वरची पाहिली आणि डोकंच फिरलं. तिच्यावर कापसाचे पांढरे तंतू. कोळशाच्या बोगद्यात कापूस पिकतो होय?

ताई पाणी आणायला गेली होती तेवढ्यात मी भावोजींना गाठलं.

"यंत्र बनियनमध्ये कोंबून ठेवलंत ना?"

त्यांनी मान खाली घातली. "मुकादम म्हणाला, आकडा वाईट आला तर आमचा बोगदा बंद. मग सगळ्यांच्या चुली तू पेटवणार आहेस का?"

"आणि तुमची छाती?"

"ती गेली ती गेलीच, मेहुणीबाई. पाया पडतो तुझ्या, बोलू नकोस. ताईला तर मुळीच नको."

ताईला नाही बोलले. पण कंपनीला स्वच्छ लिहून दिलं की ही मोजणी खोटी आहे, पुन्हा करा. त्यांनी माझं पान फाडलं आणि नुसता आकडा बोगद्याच्या तोंडाशी चिकटवला: हवा स्वच्छ. पुन्हा ते यंत्र कुणी गळ्यात घालेना. भावोजींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले. शेवटी शेवटी आडवं पडता यायचं नाही, बसूनच झोपायचे. घास गिळायलासुद्धा श्वास पुरत नव्हता. तरी मला जवळ बोलावलं नाही, आणि ते मला फार लागलं.

भरपाईची सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी तोच आकडा पुढे केला. "हवा स्वच्छ होती. मग धुळीने मेले कसे म्हणता?"

"खोटा आहे तो आकडा," मी उसळले आणि कापसाचं सगळं सांगून टाकलं.

कंपनीचा वकील याचीच वाट बघत होता. "म्हणजे मयताने मोजणीत लबाडी केली. मग भरपाई विसरा, कंपनीचं घरही सोडावं लागेल." मग तो ताईकडे वळून गोडीत आला. "बाई, धुळीचं नाव काढू नका. साधा छातीचा आजार म्हणू या. घर राहील तुमच्याकडे."

ताईला हे सगळं आत्ताच कळत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. नको बोलूस, घर वाचव, असं मी मनात म्हणत होते. खरंच म्हणत होते.

ताई उठून उभी राहिली.

"लिहा साहेब. माझ्या नवऱ्याने लबाडी केली. आणि खाली धूळ आहे, माणसं रोज ती खाताहेत, तेही लिहा."

साहेबांनी पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं.